गाडीला माफी, बसला हिशोब

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. कारवाल्याचे ४५ रुपये वाचले. टोल कंपनीची भरपाई सरकारच्या, म्हणजे सगळ्यांच्या, गळ्यात पडणार होती, पण त्याचा हिशोब त्या दिवशी कुणी मागितला नाही. सात महिने गेले. ९ मे २०२५ पासून मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२. या वेळी मात्र पहिल्या वाक्यापासून हिशोबच होता. बेस्ट तोट्यात आहे, खर्च वाढला आहे, दुसरा इलाजच नव्हता.

इलाज होता. बस करातून चालवायची. तो कर कुणाकडून, किती आणि कसा घ्यायचा, हे मोठ्याने बोलायची हिंमत मुंबईत एकाही पक्षाने आजवर दाखवलेली नाही.

आधी भाडेवाढ कुणावर पडली ते पाहू. किमान भाडं म्हणजे पाच किलोमीटरच्या आतला प्रवास. तो कोण करतं? साकीनाक्याहून पवईला घरकामाला जाणारी बाई. गोवंडीहून चेंबूरला जाणारा वॉचमन. स्टेशनपासून शाळेपर्यंत जाणारी मुलं. महिन्यातले २६ दिवस, जाऊन-येऊन ५२ तिकिटं धरा. आधी २६० रुपये लागत, आता ५२०. पास काढला तर थोडे कमी. वाटेत बस बदलावी लागत असेल तर दुप्पट. ज्या घरात महिन्याला वरचे २६० रुपये म्हणजे गॅसच्या सिलिंडरचा मोठा हिस्सा असतो, त्या घराकडून आपण एका फटक्यात शंभर टक्के वाढ वसूल केली. मालमत्ता करात दहा टक्के वाढीची नुसती कुणकुण लागली, तरी आयुक्तांच्या दालनात आमदारांची निवेदनं पोहोचतात. मुंबईत हा कर ज्यावर ठरतो त्या भांडवली मूल्याची फेररचना दर पाच वर्षांनी व्हायला हवी. २०२० ची पुढे ढकलली गेली, मग पुन्हा ढकलली गेली. बसच्या तिकिटासाठी असं कुणी ढकलत नाही.

स्वस्त बसने काय होतं, हे याच शहराने पाहिलं आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं आणि सोडून गेलेला प्रवासी परत आला. काही महिन्यांत प्रवाशांची संख्या लाखांनी वाढली. तेव्हा महापालिकेने हात पुढे केला होता म्हणून हे जमलं. पुढची पायरी सरळ होती. प्रवासी आले आहेत, आता बस वाढवा. त्याच वर्षी कामगार संघटनेशी करार झाला आणि त्यात उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बस राखण्याचं वचन होतं. आज बेस्टच्या मालकीच्या बस हजाराच्याही खूप खाली आल्या आहेत. भाड्याच्या धरूनसुद्धा एकूण ताफा तीन हजारांखाली आहे. दीड दशकापूर्वी हाच ताफा चार हजारांहून मोठा होता. दरम्यान शहर दहिसरच्या आणि मुलुंडच्या पलीकडे पसरलं आणि रस्त्यावर खासगी गाड्यांची लाट आली. स्टॉपवर पाऊण तास उभं राहिल्यावर माणूस शेअर रिक्षात बसतो. मग बेस्टच्या अहवालात लिहिलं जातं की प्रवासी घटले. प्रवासी घटले नाहीत, त्यांना घालवलं गेलं.

बेस्टच्या पैशाची मूळ गोष्ट नीट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय कराचा मुद्दा कळणार नाही.

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये, बस १५ जुलै १९२६ रोजी. सगळं खासगी कंपनीचं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ही कंपनी विकत घेतली. वीजही तिची, वाहतूकही तिची. त्या जोडीत एक व्यवस्था होती. विजेच्या धंद्यात जे उरेल त्यातून ट्रामची आणि बसची तूट भरायची. कित्येक दशकं लाल बस अशी चालली. बसचं तिकीट कधीच बसचा पूर्ण खर्च देत नव्हतं. कुठल्याच मोठ्या शहरात ते देत नाही. उरलेले पैसे विजेच्या बिलातून येत होते. तो एका अर्थाने करच होता, फक्त कुणी त्याला कर म्हणत नव्हतं.

पुढे वीज कायदा बदलला, नियामक आयोग आला आणि ही वसुली बिलात उघड दिसू लागली. वाहतुकीची तूट भरून काढण्यासाठी वेगळी आकारणी. ग्राहक चिडले आणि त्यांच्या रागात तथ्य होतं. बेस्ट वीज देते ती फक्त शहर भागात, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. बस मात्र बोरिवलीला जाते, मुलुंडला जाते, ठाण्याला आणि नवी मुंबईतही जाते. म्हणजे परळच्या चाळीतला भाडेकरू कांदिवलीच्या बसची तूट भरत होता आणि कांदिवलीतल्या टॉवरमधला फ्लॅटमालक, ज्याची वीज दुसऱ्या कंपनीची, एक पैसाही देत नव्हता. ही वाटणी अन्यायाची होती. गेल्या दशकात ती बंद झाली.

अन्याय्य वाटणी बंद करणं बरोबर होतं. तिच्या जागी न्याय्य वाटणी आणायचं काम मात्र कुणी केलंच नाही. बेस्टच्या खालचा एक पाय काढून घेतला आणि दुसरा लावला नाही. तेव्हापासून बेस्ट दरवर्षी महापालिकेच्या दारात जाते. कधी अनुदान, कधी कर्ज, कधी आगाऊ रक्कम. किती मिळेल हे फेब्रुवारीत कळतं आणि हातात कधी पडेल हे तेव्हाही कळत नाही. अशा पैशावर दहा वर्षांची बसखरेदी आखता येत नाही. पुढच्या वर्षीच्या पगाराचीही खात्री देता येत नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महापालिकेने बेस्टला १,००० कोटी रुपये दिले. आकडा मोठा वाटतो. त्या वर्षीचा महापालिकेचा एकूण अर्थसंकल्प होता ७४,४२७ कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांतला एक रुपया चौतीस पैसे. रोज पंचवीस-तीस लाख माणसं ज्या गाडीतून जातात तिच्यासाठी. महापालिकेच्या मुदत ठेवी ऐंशी हजार कोटींच्या आसपास आहेत. त्यातल्या बऱ्याच आधीच कामांना बांधलेल्या आहेत हे मान्य, तरीही गरीब महापालिकेची ही गोष्ट नाही.

आता शेजारी सागरी किनारा मार्ग ठेवा. मरीन ड्राइव्ह ते वरळी, साधारण साडेदहा किलोमीटर, खर्च १३ हजार कोटींच्या वर. सगळा महापालिकेचा, म्हणजे करदात्यांचा पैसा. टोल नाही. या रस्त्याने वर्षाला किती कमावलं आणि किती गमावलं, असा ताळेबंद कुणी मागत नाही. रस्ता कमावत नाही, तो शहराला चालवतो, हे सगळ्यांना आपोआप पटतं. हीच समजूत बसच्या बाबतीत कुठे जाते? त्या मार्गाच्या जुन्या आराखड्यात बससाठी स्वतंत्र मार्गिकेची भाषा होती. ती मार्गिका आज तिथे नाही. जुलै २०२४ मध्ये बेस्टने तिथून एक मार्ग सुरू केला, तो कारच्याच गर्दीतून जातो. ज्या पैशात हा रस्ता झाला, त्याचा लहानसा हिस्सा दरवर्षी बेस्टला बांधून दिला असता तर ३,३३७ चं वचन पाळता आलं असतं. भराव घातला तेव्हा हा प्रश्न विचारायला हवा होता. आता वर्सोव्यापासून पुढे उत्तरेकडे तोच मार्ग न्यायची तयारी चालली आहे, तर आता तरी विचारा.

पैसा नाही म्हटल्यावर बेस्टने भाड्याच्या बस घेतल्या. बस कंत्राटदाराची, चालकही त्याचाच, बेस्ट किलोमीटरमागे पैसे देणार. कागदावर स्वस्त. प्रत्यक्षात काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून गाड्या काढून घेतल्या आणि मार्गच्या मार्ग उघडे पडले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला आणि आगारांत गाड्या उभ्या राहिल्या. तोच रस्ता, त्याच प्रकारची गाडी, तीच जोखीम आणि कायम चालकापेक्षा कितीतरी कमी पगार. त्यांनी संप केला नसता तरच नवल. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाड्याची विजेवरची बस गर्दीत घुसली आणि माणसं मेली. चालकाला त्या प्रकारच्या बसचं प्रशिक्षण किती मिळालं होतं, हा प्रश्न मग ऐरणीवर आला. तो गाडी ताब्यात देण्याआधी विचारायचा असतो. प्रशिक्षणाला दिवस लागतात, दिवसांना पैसे लागतात आणि सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम दिलं की हेच पैसे आधी कापले जातात.

दुसरा उपाय पुढे केला जातो तो आगारांच्या जमिनींचा. दोन डझनांहून जास्त आगारं, सगळी मोक्याच्या जागी. ती विकसकाला द्या, वर टॉवर बांधू द्या, खाली बस उभ्या करा. पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं दळून खाण्याचा हा प्रकार आहे. एकदा पैसा येईल, दोन वर्षांत पगारात जाईल आणि तिसऱ्या वर्षी बस उभी करायला जागा नसेल. उद्या चार-पाच हजार बस हव्या असतील तर त्या रात्री कुठे ठेवणार, कुठे चार्ज करणार? विजेवरच्या बसला डिझेलच्या बसपेक्षा आगारात जास्त जागा आणि जास्त वेळ लागतो.

आजचा खर्च टाळायचा आणि उद्याचं उद्या बघायचं, हीच वृत्ती पुलांच्या बाबतीत माणसं मारते. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी, २३ मृत्यू. ३ जुलै २०१८, अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९, सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल पडला, खालून जाणारी आणि वरून चालणारी माणसं गेली. या पुलाच्या तपासणीत किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचं लिहिलेलं होतं. तिन्ही घटना अठरा महिन्यांच्या आत घडल्या. त्यानंतर घाईघाईने सगळ्या पुलांची तपासणी झाली आणि कळलं की कित्येक पूल थकले आहेत. ते एका रात्रीत थकले नव्हते. शीवचा रेल्वेवरचा पूल १९१२ चा. त्याचं वय दरवर्षी एकाने वाढत होतं आणि ते मोजायला अभियंता लागत नव्हता.

गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंची जुळेना. पूर्ण पूल खुला व्हायला मे २०२५ उजाडला. अडीच वर्षं अंधेरी पूर्व आणि पश्चिम एकमेकांपासून तुटल्यासारख्या होत्या. बस वळसा घालून जात होत्या, रुग्णवाहिका अडकत होत्या, दुकानांची गिऱ्हाइकं तुटली. या अडीच वर्षांत अंधेरीकरांनी जे पेट्रोल जाळलं, जे तास घालवले, जी रोजी बुडवली, तो कर नाही तर काय आहे? वेळेवर घेतला असता तो लहान झाला असता आणि त्याची पावती मिळाली असती. हा मोठा होता, बिनपावतीचा होता आणि ज्याच्याकडे कमी होतं त्याने जास्त भरला.

दुरुस्तीच्या कामाला कोनशिला नसते, म्हणून त्याला पैसे नसतात. सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ वाहून गेला, दोन एसटी बस घेऊन. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधल्याचं सरकारने अभिमानाने सांगितलं आणि जून २०१७ मध्ये तो खुलाही केला. १६५ दिवस! म्हणजे अभियंते होते, लोखंड होतं, सिमेंट होतं आणि पैसाही होता. माणसं वाहून जाण्याआधी तो खर्च करायची पद्धत मात्र नव्हती.

एसटीचं तर आणखी उलटं. बसला करातून पैसा मिळायला हवा, इथे बसकडूनच कर घेतला जातो. एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार वर्षानुवर्षं १७.५ टक्के प्रवासी कर घेत आलं आहे. मूळ भाडं शंभर असेल तर साडेसतरा रुपये सरकारचे. हा कर कोण भरतं? तालुक्याच्या दवाखान्यात जाणारा म्हातारा, बाजाराला निघालेली शेतकरीण, बारावीची मुलगी. दुसरीकडे तेच सरकार २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास देतं. या सवलती मला मनापासून मान्य आहेत. महिलांना सवलत मिळाल्यावर एसटीत ज्या बायका दिसू लागल्या, त्या आधी घरात होत्या किंवा चालत जात होत्या. पण सवलत सरकारने जाहीर करायची आणि तिचे पैसे महामंडळाला सरकारकडून वेळेवर मिळायचे नाहीत, ही तऱ्हा बंद झाली पाहिजे. एका हाताने कर घ्यायचा, दुसऱ्या हाताने प्रतिपूर्ती रखडवायची आणि मग श्वेतपत्रिका काढून संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचं सांगायचं. तो तोटा एसटीने एकटीने केलेला नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावली, तेव्हापासून या राज्यातल्या शिक्षणाचा, दवाखान्यांचा आणि बाजाराचा अर्धा भार तिने वाहिला आहे. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात ती थांबली, तेव्हा खेड्यातल्या मुलींचं कॉलेज थांबलं. तिच्या तिकिटावरचा प्रवासी कर आधी रद्द करा.

पुण्याचं एक वाक्यात सांगण्यासारखं आहे. तिथे पीएमपीची तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. पैसे पुरत नाहीत, बसही पुरत नाहीत, पण कुणी किती द्यायचे हे निदान लिहून ठेवलेलं आहे. मुंबईची बस ठाणे, नवी मुंबई, मिरा-भाईंदरच्या माणसांना रोज ने-आण करते आणि त्या शहरांनी त्यासाठी काय द्यायचं हे कुणीच ठरवलेलं नाही.

आता पैसा कुठून.

एक दार आधीच उघडलेलं आहे. एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या शहरांत घर घेताना मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. म्हणजे वाहतुकीमुळे जमिनीची किंमत वाढते आणि त्या वाढीतला वाटा वाहतुकीला गेला पाहिजे, हे तत्त्व सरकारने मान्य केलेलं आहे. मग त्यात बस का नाही? ३७ हजार कोटींहून जास्त खर्चून कफ परेड ते आरे भुयारी मेट्रो पूर्ण झाली. प्रवासी जिना चढून वर येतो आणि समोर बस नसते. घर आणि मेट्रो यांच्यातले दोन किलोमीटर बसनेच जोडले जाणार आहेत. अधिभारातला ठरलेला हिस्सा बसला द्या. कायद्यात एक दुरुस्ती पुरेल.

दुसरं दार मोटार वाहन कराचं. नवी गाडी घेताना तो एकरकमी भरला जातो आणि राज्याच्या तिजोरीत जातो. ज्या शहराचे रस्ते ती गाडी पुढची पंधरा वर्षं अडवणार, त्या शहराच्या बसला त्यातला बांधलेला वाटा मिळत नाही. तो मिळाला पाहिजे. शिवाय रात्रभर रस्त्यावर फुकट उभ्या असलेल्या गाडीचं भाडं घ्या. मुंबईत एका गाडीखालची शंभर-सव्वाशे चौरस फूट जागा कुणाला राहायला फुकट मिळत नाही. ती लोखंडाला का मिळावी?

तिसरं दार अवघड आहे आणि तिथे माझ्याच वर्गाला दुखणार आहे. १ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा झाली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला माफी योग्यच आहे. पण प्रभादेवीत किंवा पार्ल्यात ४८० चौरस फुटांचा फ्लॅट कोटीच्या पुढे विकला जातो आणि त्याच्या मालकाकडून महापालिका मालमत्ता कर घेत नाही. तोच फ्लॅट झाडायला येणारी बाई मात्र पाचाचे दहा रुपये मोजते. माफी क्षेत्रफळावर न ठेवता किमतीवर ठेवा. आणि व्यापारी जागांवर, ज्यांचे कामगार आणि गिऱ्हाइकं दोन्ही बसने येतात, त्यांच्यावर बससाठी वेगळा, नावानिशी अधिभार लावा. पॅरिसने १९७१ पासून असंच काहीसं केलं. तिथे कामगारांच्या पगाराच्या प्रमाणात मालक वाहतूक कर भरतो, कारण कामगार वेळेवर पोहोचतो त्याचा फायदा मालकाला होतो. लंडनने फेब्रुवारी २००३ पासून मध्यभागी गाडी आणणाऱ्याकडून शुल्क घेतलं आणि ते वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन कायद्यात घातलं.

पण लंडन-पॅरिसपर्यंत जायची गरज नाही. असा कर महाराष्ट्राने स्वतः भरून दाखवलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांच्या चिकाटीतून. तिला पैसा हवा होता. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारातून दर महिन्याला कापला जाणारा पैसा, का, तर बीड-उस्मानाबादच्या मजुराला खडी फोडण्याचं, नाला बांधण्याचं काम मिळावं म्हणून. लोकांच्या करातून येईल तेवढीच रक्कम राज्यानेही घालायची, असं ठरलं. त्या पगारदाराने आयुष्यात ते नाले पाहिले नाहीत. तरी त्याने कर भरला, आणि त्यासाठी सरकार पडलं नाही. पुढे त्या निधीतला पैसा वेळेवर न वापरता पडून राहिल्याची टीका झाली आणि ती रास्त होती. त्यातून धडा घ्या. निधी वेगळा ठेवा, दर तिमाहीला जमा-खर्च जाहीर करा. पण कुणी असा कर भरणारच नाही, हे या राज्यात कुणी सांगू नये. आम्ही पगाराच्या चिठ्ठीवर तो आजही दर महिन्याला भरतो.

मी बसने जात नाही, मी का भरू, असं विचारणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला. त्या नऊ दिवसांत तुमची गाडी किती वेळात ऑफिसला पोहोचत होती ते आठवा. दवाखान्यातली नर्स किती वाजता आली, स्वयंपाकाची बाई आली की नाही, लिफ्टमन कुठे होता ते आठवा. बसमधून साठ माणसं जातात तेव्हा तुमच्या पुढच्या सिग्नलवर चाळीस गाड्या कमी असतात. त्या मोकळ्या रस्त्याचे पैसे आज तो बसमधला माणूस भरतो आहे, तुम्ही नाही.

बेस्टमध्ये गैरकारभार आहे, आधी तो थांबवा मग पैसे मागा, हा दुसरा आक्षेप. गैरकारभार शोधा, दोषींना घरी पाठवा, एकेका कंत्राटाची कागदपत्रं लोकांसमोर टाका. मी सोबत आहे. पण मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, बेस्ट समिती नव्हती. प्रशासकाने ठरवायचं आणि प्रवाशाने सोसायचं. या काळात बेस्टला जाब विचारायची खुर्चीच रिकामी होती. जी खुर्ची सरकारने रिकामी ठेवली, तिच्या नावाने प्रवाशाला शिक्षा देऊ नका. जिथे चोरी झाल्याचा संशय आहे, तिथे हिशोब तपासतात, बस बंद करत नाहीत. बांधकाम खात्यातल्या भ्रष्टाचारामुळे आपण रस्ते बांधणं कधी थांबवलं नाही.

आणि कर आधीच खूप आहेत, हा तिसरा. आहेत. पण शहराच्या हातात कमी आहेत. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, मुंबई महापालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्न गेलं आणि त्या बदल्यात राज्याकडून भरपाई येऊ लागली. स्वतःच्या उत्पन्नावर उभी असलेली महापालिका भरपाईवर आणि बांधकामाच्या अधिमूल्यावर जगू लागली. इमारती उभ्या राहिल्या तर पैसा, नाही तर नाही. शंभर वर्षांच्या पुलांची आणि रोजच्या बसची सोय अशा लहरी पैशावर लावता येत नाही. त्यांना दरवर्षी येणारा, आधी ठाऊक असलेला, दुसरीकडे वळवता न येणारा पैसा हवा.

तेव्हा येत्या अर्थसंकल्पासाठी मागणी अशी. बेस्टसाठी वेगळा वाहतूक निधी कायद्याने स्थापन करा. त्यात मेट्रो अधिभारातला हिस्सा, मोटार वाहन करातला हिस्सा, पार्किंगचं सगळं उत्पन्न आणि व्यापारी जागांवरचा बस अधिभार जाऊ द्या. महापालिकेच्या एकूण अर्थसंकल्पातला किमान वाटा टक्केवारीत लिहून ठेवा, म्हणजे दर फेब्रुवारीला हात पसरावे लागणार नाहीत. किमान भाडं पुन्हा ५ रुपये करा. तीन वर्षांत स्वतःच्या ३,३३७ बस रस्त्यावर आणा. पुलांसाठी त्याच धर्तीवर देखभाल निधी ठेवा आणि प्रत्येक पुलाचं वय, शेवटची तपासणी आणि तपासणाऱ्या अभियंत्याचं नाव पुलाच्याच कठड्यावर लिहा.

वाहतूक निधीतला पहिला हप्ता मात्र नव्या बसवर खर्च करू नका. तीस-तीस वर्षं उभं राहून तिकिटं फाडलेले कंडक्टर आणि या शहराच्या वाहतुकीतून गाडी हाकलेले ड्रायव्हर निवृत्त होऊन ग्रॅच्युइटीसाठी आगाराच्या आणि कार्यालयाच्या फेऱ्या मारत आहेत. काहींच्या मुलींची लग्नं अडली आहेत, काहींची ऑपरेशनं. आधी त्यांचे पैसे द्या, व्याजासकट.